वसंतरावांच्या गळ्यातले दीनानाथ

बालाघाट आज मध्य प्रदेशात आहे, पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. इंग्रजी अमदानीत भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून हा जिल्हा तयार झाला. तेव्हापासून इथले कचेरीचे कागद, धान्याचे व्यापारी आणि शिकायला निघालेली मुले नागपूरच्या दिशेने जात राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेची छोटी लाईन गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूर-जबलपूरकडे गेली आणि ती वाट आणखी सोपी झाली. लांजी, वारासिवनी, कटंगी या पट्ट्यात आजही घराघरांत पोवारी, मरारी, मराठी आणि हिंदी एकाच चुलीपाशी बोलल्या जातात. राज्याची हद्द बदलली तरी कान बदलले नाहीत. १६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि वैनगंगेच्या अलीकडच्या अनेक घरांत मराठी गाणे पोहोचले ते त्याच केंद्रावरून. नाट्यगीतांचा कार्यक्रम लागला की आमच्याकडे रेडिओचा आवाज वाढवला जाई.

त्या नाट्यगीतांत दोन आवाज असे होते की निवेदकाने नाव सांगण्याआधीच ओळखू यायचे. एक मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा आणि दुसरा डॉ. वसंतराव देशपांड्यांचा. ऐकणाऱ्याला हळूहळू लक्षात येते की दुसऱ्या आवाजाच्या आत कुठेतरी पहिला आवाज राहतो आहे. दोन्ही गळ्यांची जात वेगळी, पट्टी वेगळी, काळ वेगळा. तरीही तान जिथून उचलली जाते ती जागा, आणि समेला यायच्या आधी घेतलेली ती अवघड उडी, यांत नाते दिसते. नागपुरात वाढलेल्या वसंतरावांवर गोव्याच्या दीनानाथांनी जन्मभर पुरेल एवढी छाप कशी उमटवली, हा या लेखाचा विषय. आमच्या भागातल्या संगीताच्या इतिहासात एवढी मोठी आणि एवढी चांगली नोंदवली गेलेली दुसरी गोष्ट मला दिसत नाही.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यात मंगेशीला झाला. वडील गणेशभट मंदिरातले पुजारी, आई येसूबाई राणे कलावंत घराण्यातल्या. आडनाव त्यांनी गावावरून घेतले. पोरवयात ते किर्लोस्कर संगीत मंडळीत दाखल झाले आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत बलवंत संगीत मंडळी काढून बाहेर पडले. 'भावबंधन'मधली लतिका ही त्यांची स्त्रीभूमिका गाजली. पण त्यांचा गळा खरा मोकळा झाला तो पुरुषभूमिकांत. १९२७ च्या 'रणदुंदुभी'ने महाराष्ट्रात खळबळ उडवली. नाटक अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचे आणि पदांच्या चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या. पारतंत्र्याविरुद्ध उघड बोलता येत नव्हते त्या काळात दीनानाथांच्या तोंडची ही पदे प्रेक्षकांना सभेतल्या भाषणासारखी वाटत. पुढे १९३१ मध्ये सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' त्यांनी रंगभूमीवर आणले.

दीनानाथांच्या गाण्याला तयार घराण्याचे नाव देता येत नाही. वझेबुवांच्या ग्वाल्हेरी चाली, बिकानेरच्या सुखदेव प्रसादांची तालीम, टप्प्यासारखी चपळ पंजाबी वळणे आणि गोव्याच्या मातीतला ठसका हे सारे त्यांच्यात होते. आवाज उंच, धारदार आणि पाऱ्यासारखा चंचल. बालगंधर्व पदाला कुरवाळत, शब्द लयीच्या मांडीवर हळुवार बसवत, लहान लहान हरकती घेत. दीनानाथ पदावर झडप घालत. स्वरांची अपेक्षित पायरी सोडून ते मध्येच दोन पायऱ्या वर दिसत आणि ऐकणाऱ्याला वाटे, आता समेवर येणार कसे. ते येत, आणि नाट्यगृह उसळे. त्यांच्या ७८ गतीच्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असते. त्या तीन मिनिटांत ते जेवढे धोके पत्करतात तेवढे इतर गायक तासाभराच्या मैफलीत पत्करत नाहीत, असे माझे मत आहे आणि ते मी ठामपणे मांडतो.

बलवंतचे दौरे नागपूर-वऱ्हाडातही होत. त्या काळी एखाद्या शहरात नाटक कंपनीचा मुक्काम पडला की महिना-दोन महिने गावाचे गाणे बदलून जाई. शिंप्याच्या दुकानात, वकिलाच्या ओसरीवर, शाळेच्या सुट्टीत तीच पदे गुणगुणली जात. शास्त्रोक्त संगीत संस्थानिकांच्या दरबारांत किंवा शहरांतल्या मोजक्या मैफलींत अडकलेले होते. ज्यांना खाँसाहेबांच्या दाराची पायरी चढता येत नव्हती त्यांच्यासाठी नाटकाचे तिकीट, आणि पुढे ग्रामोफोन, हीच संगीताची शाळा झाली. गुरू निवडायला पैसा, जात, ओळख, गाव असे बरेच काही लागते. आवडता गायक निवडायला फक्त कान लागतात. म्हणूनच आपल्याकडच्या अनेक मोठ्या गायकांच्या चरित्रांत 'गुरू' या शब्दाशेजारी आणखी एक नाव असते, आणि ते बहुधा गंडा न बांधलेल्या माणसाचे असते.

वसंतराव देशपांडे हे त्यातले सर्वांत ठळक उदाहरण. जन्म २ मे १९२०, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. आईने त्यांना एकटीने वाढवले आणि ते नागपुरात लहानाचे मोठे झाले. तिथे शंकरराव सप्रे हे विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतले शिक्षक श्रीराम संगीत विद्यालय चालवत. त्या विद्यालयात वसंतराव शिकले. पुढे सी. रामचंद्र या नावाने हिंदी चित्रपटसंगीत गाजवणारे राम चितळकरही तिथलेच विद्यार्थी. एका साध्या शाळेतून इतक्या वेगळ्या प्रकृतीचे दोन संगीतकार निघावेत, ही नागपूरच्या संगीताबद्दल अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. गळ्यामुळे वसंतरावांना लहान वयातच भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' या १९३५ च्या चित्रपटात कृष्णाची भूमिका मिळाली.

पुढे वसंतरावांनी किती जणांकडून विद्या घेतली, याची यादी पाहिली तरी दिपून जायला होते. किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, त्याच घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर, लाहोरला पतियाळाचे असद अली खाँ. लाहोरच्या दिवसांत असद अली खाँनी त्यांना कित्येक महिने एकच राग शिकवला, मारवा, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. वझेबुवांकडूनही त्यांनी घेतले. म्हणजे 'रणदुंदुभी'च्या चाली ज्या माणसाच्या होत्या, त्याच्यापर्यंत ते स्वतः पोहोचले. दीनानाथांचे गाणे ज्या उगमातून आले, त्या उगमाचे पाणीही त्यांनी चाखले.

इतके गुरू असूनही वसंतराव आपल्या गाण्याचा मूळ प्रेरणास्रोत दीनानाथ असल्याचे सांगत आणि त्यांच्या गायकीचा वारसा आपण चालवतो, असा दावा करत. गुरुपरंपरेला इतके महत्त्व देणाऱ्या संगीताच्या जगात हा दावा धाडसाचा होता. अमुक खाँसाहेबांचा शिष्य म्हणवून घेतले तर घराण्याचे छत्र मिळते. नाटकातल्या गायकाचा वारसदार म्हणवून घेतले तर पंडितांच्या मंडळीत भुवया उंचावतात, आणि त्या उंचावल्याही. कित्येक जाणकार वसंतरावांना शास्त्रीय गायक मानायला वर्षानुवर्षे तयार नव्हते. 'नाटकी गातात' हा शेरा त्यांनी भरपूर ऐकला. त्या शेऱ्याच्या मुळाशी दीनानाथच होते, आणि वसंतरावांनी ती ठेव कधी नाकारली नाही.

त्यांनी दीनानाथांकडून नेमके काय घेतले, हे सांगणे अवघड आहे, पण तो प्रयत्न केल्याशिवाय या विषयाला न्याय मिळत नाही. चाली घेतल्या, हे उत्तर पुरेसे नाही. दीनानाथांची पदे कित्येकांनी गायली, आशाबाई भोसल्यांनी ध्वनिमुद्रित केली, आणि प्रत्येक वेळी ती चांगली वाटली. वसंतरावांनी चालीखालची वृत्ती घेतली. त्यातही मला तीन गोष्टी स्पष्ट ऐकू येतात, आणि त्या एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की वेगळ्या मोजता येत नाहीत. दीनानाथ एखाद्या तानेची सुरुवात अनपेक्षित स्वरावरून करत. वसंतराव हेच ख्यालात करतात: मारव्यात षड्ज टाळत टाळत ते इतके दूर जातात की ऐकणाऱ्याचा जीव षड्जासाठी कासावीस होतो. दीनानाथ लयीशी झुंजत, आणि वसंतरावही ठेक्याच्या मात्रा ओलांडून तान फेकतात, मग तबलजीकडे बघत शेवटच्या क्षणी समेवर पाय रोवतात. वसंतरावांना तबला उत्तम येत असे, म्हणून ही झुंज त्यांना जमली. आणि दोघांच्याही गाण्यात शब्दाचा अर्थ तानेच्या गतीत उतरतो. वीररस असेल तर तान तुटक आणि खडी होते, विनवणी असेल तर तीच तान वळणदार होते.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, मग ही नक्कलच झाली. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण बालगंधर्वांच्या उदाहरणात सापडते. बालगंधर्वांचे अनुकरण करणारे महाराष्ट्रात शेकड्यांनी निघाले. त्यांच्यासारखा आवाज लावायचा, त्यांच्यासारखी मान वळवायची, शब्दांचे तेच उच्चार करायचे. पन्नास वर्षे ही लाट ओसरली नाही. दीनानाथांचे अनुकरण करणारे मात्र फारसे निघालेच नाहीत. त्यांची तान इतकी अनपेक्षित होती की तिचा साचा बनत नव्हता, आणि साचा नसला की नक्कल करायला हाती काही लागत नाही. दीनानाथांच्या वाटेने ज्याला जायचे त्याला स्वतःच जोखीम घ्यावी लागे, स्वतःच्याच गळ्याने उडी मारावी लागे. म्हणजे दीनानाथांचे गाणे मनापासून आवडलेल्या माणसासमोर वेगळा होण्याखेरीज पर्यायच राहत नव्हता. वसंतरावांनी तो एकच पर्याय उचलला.

त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. ते एक्केचाळीस वर्षांचे होते. वसंतरावांचे वय तेव्हा बाविशीलाही पोहोचले नव्हते. दैवत डोळ्यांसमोरून गेले आणि पोटासाठी लष्कराच्या हिशेब खात्यातली नोकरी आली. दिवसभर आकडे आणि संध्याकाळी गाणे, हे पुढची कित्येक वर्षे चालले. मधूनमधून मराठी चित्रपटांत पार्श्वगायन होई. पु. ल. देशपांड्यांशी जिवाभावाची मैत्री होती आणि पुलंच्या 'गुळाचा गणपती' या १९५३ च्या चित्रपटात आशाबाईंबरोबर गायलेले त्यांचे द्वंद्वगीत आजही टवटवीत आहे. श्रीनिवास खळ्यांच्या चालीत वा. रा. कांतांचे गीत त्यांनी गायले, तेव्हा भावगीताच्या नाजूक चौकटीतही त्यांचा गळा शांत बसला नाही. अंतऱ्यात एक लहानशी हरकत येते आणि कळते की हा माणूस मैफलीतून आला आहे. तरीही पन्नाशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्यांच्या वाट्याला मोठा मंच आला नव्हता.

तो आला २४ डिसेंबर १९६७ रोजी. 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाचा पहिला प्रयोग त्या दिवशी झाला. लेखक-दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, रंजन कला मंदिर या संस्थेचे आणि नागपूर आकाशवाणीवर काम केलेले. खाँसाहेब आफताब हुसेन या भूमिकेसाठी वसंतराव निवडले गेले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे, आणि अभिषेकी मंगेशीचे. दीनानाथ ज्या गावच्या देवळातून निघाले, त्याच गावच्या माणसाने दीनानाथांच्या सर्वांत मोठ्या भक्ताला त्याच्या आयुष्याचे गाणे दिले. असे योग मुद्दाम जुळवून आणता येत नाहीत. वऱ्हाड-नागपूर आणि गोवा पुन्हा एकदा रंगमंचावर एकत्र आले, जसे 'रणदुंदुभी'त वामनराव जोशी आणि दीनानाथ आले होते.

'कट्यार'ची गोष्टही आपल्या विषयाला धरूनच आहे. सदाशिव हा एका घराण्याचा तरुण दुसऱ्या घराण्याची गायकी मिळवण्यासाठी धडपडतो. शिकवायला कोणी तयार नाही, म्हणून तो त्या घरात राहून लपून ऐकतो आणि ऐकून ऐकून गळ्यात उतरवतो. विद्या चोरणाऱ्याला शिक्षा करायला उठलेले खाँसाहेब अखेर त्या गाण्यापुढे हतबल होतात. हा सदाशिव आणि नागपुरातला वसंत यांच्यात फरक आहे, पण ऐकून मिळवलेल्या गाण्याचे मोल दोन्हीकडे सारखेच आहे. अभिषेकींनी एक पद दोन चालींत बांधले: खाँसाहेबांच्या गळ्यात ते सालगवराळीत येते आणि दुसऱ्या घराण्याच्या गळ्यात धानीत. एकाच शब्दांचे दोन संगीत-स्वभाव प्रेक्षकांना शेजारी शेजारी ऐकायला मिळाले. नाटकाच्या मंचावर संगीतातला मतभेद इतका सरळ कानांना समजावून सांगितलेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

खाँसाहेबांची भूमिका करताना वसंतरावांनी दीनानाथांना नाट्यगृहात परत आणले, असे माझे मत आहे. दीनानाथ गेल्यानंतर संगीत नाटकात तो बेडरपणा कमी झाला होता. पदे गोड होती, पण धोका नव्हता. वसंतराव उभे राहिले, आलापीत थोडे थांबले, आणि मग एका ठिणगीने सारे पेटवले, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना बलवंतच्या दिवसांची आठवण झाली असणार. वसंतरावांचा आवाज दीनानाथांइतका उंच नव्हता, त्यात थोडा खरखरीतपणा होता, वय सत्तेचाळीस झाले होते. त्या खरखरीतून जी तान येई तिला अनुभवाचा भार असे. दीनानाथांच्या गाण्यात तरुणाईची झेप होती. वसंतरावांच्या गाण्यात तीच झेप वय वाढल्यानंतरची होती. तबकड्यांमुळे आपल्याला दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात, हे आपले भाग्य.

वसंतराव मराठी नाट्यसंगीताच्या वाटचालीवर सप्रयोग बोलत. वेगवेगळ्या नटगायकांचे गाणे ते गाऊन दाखवत, प्रत्येकाच्या लकबी, उच्चार, लयीचे वळण सांगत. जो माणूस इतरांचे इतके हुबेहूब दाखवू शकतो, त्याला दीनानाथांची नक्कल करणे काय अवघड होते? तरीही स्वतःच्या मैफलीत ते पद गाताना दीनानाथांच्या तबकडीवरून सुरू करून लगेच स्वतःच्या वाटेला लागत. तीन मिनिटांचे पद विस्तारत जाई, त्यात ख्यालाचा विस्तार येई, कधी ठुमरीचे बोल, कधी टप्प्याची फिरत. राजकल्याणसारखा राग त्यांनी गाजवला, बैठकीची लावणी ते तितक्याच रंगाने गात. घराण्यांच्या भिंती त्यांनी मानल्या नाहीत, आणि ही सवय त्यांना बहुतेक दीनानाथांकडूनच लागली. दीनानाथही एका घराण्याचे नव्हते.

आवडत्या गायकाकडून ऐकून शिकल्याचे हे एकमेव उदाहरण नाही. आमच्या मध्य प्रदेशाकडे पाहिले तरी असेच धागे दिसतात. इंदूरला वाढलेल्या उस्ताद अमीर खाँनी किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँचे गाणे ऐकून आपल्या विलंबित ख्यालाची संथ चाल घडवली. वहीद खाँचे ते रीतसर शिष्य नव्हते. देवासच्या रजब अली खाँच्या तानेचा आणि भेंडीबाजारच्या अमान अलींच्या सरगमाचा रंगही त्यांच्यात मिसळला. तेच अमान अली वसंतरावांचेही गुरू, हे इथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. खंडव्याचा किशोर कुमार १९४८ च्या 'जिद्दी'त सैगलच्याच आवाजात गायला. सचिन देव बर्मन यांनी त्याला ती नक्कल सोडायला सांगितले, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. इंदूरला जन्मलेल्या लता मंगेशकरांचेही दैवत सैगल. त्यांची सैगलशी भेट कधी झाली नाही. पण लताबाईंच्या गाण्यात सैगलची लकब शोधूनही सापडत नाही. नव्वदच्या दशकात 'श्रद्धांजली' या संचात त्यांनी सैगलची गाणी गायली, तीही लताबाईंच्याच आवाजात. एकाच गायकाचे दोन भक्त. एकाने नक्कल करून ती टाकली आणि दुसरीने नक्कल केलीच नाही.

देवासच्या पंडित कुमार गंधर्वांनी तर आवडत्या गायकावर स्वतंत्र कार्यक्रमच केला. क्षयाच्या आजारामुळे मोकळी हवा हवी म्हणून ते १९४८ च्या जानेवारीत देवासला आले आणि कायमचे तिथले झाले. लहानपणी ते तबकड्या ऐकून मोठमोठ्या गायकांची हुबेहूब नक्कल करत, त्यावरूनच त्यांना 'गंधर्व' ही पदवी मिळाली. तोच माणूस मोठेपणी 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमात बालगंधर्वांची पदे गायला बसला, तेव्हा त्याने एकही नक्कल केली नाही. बालगंधर्वांच्या लयीचे, शब्दाच्या फेकीचे, त्या विलक्षण सुरेलपणाचे मर्म त्याने स्वतःच्या गळ्यातून उलगडून दाखवले. पाठीशी दरबार नसलेला, एका फुफ्फुसाच्या बळावर गाणारा हा माणूस माळव्याच्या एका टेकडीखालच्या घरात बसून मराठी रंगभूमीच्या गंधर्वाबद्दल विचार करत होता. आमच्या राज्याने मराठी संगीताला दिलेले हे देणे मला फार मोठे वाटते.

भीमसेन जोशींची गोष्ट तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. गदगमध्ये अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकून त्यांनी १९३३ मध्ये अकराव्या वर्षी घर सोडले. ग्वाल्हेर, जालंधर असे फिरून ते अखेर कुंदगोळला अब्दुल करीमांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे आले. तबकडीतला गायक भेटला नाही, पण त्याचा शिष्य भेटला. वसंतरावांचे गुरू सुरेशबाबू माने हे त्याच अब्दुल करीमांचे चिरंजीव. भीमसेन आणि वसंतराव या दोघांचे मूळ अशा तऱ्हेने एकाच घरात जाते, पण भीमसेनांनी किराण्याचा सूर धरला आणि वसंतरावांनी दीनानाथांची तान धरली. ज्याचे त्याचे कान आधीच कुणावर तरी जडलेले असतात, हे यावरून दिसते.

३० जुलै १९८३ रोजी वसंतराव गेले. त्यांचे नातू राहुल देशपांडे तेव्हा चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे आजोबांचे गाणे त्यांनाही ध्वनिफितींतूनच ऐकावे लागले, जसे वसंतरावांच्या पिढीनंतरच्या सर्वांना दीनानाथ तबकड्यांतून ऐकावे लागले. राहुल यांनी ज्यांच्याकडे तालीम घेतली त्यांत कुमार गंधर्वांचे चिरंजीव मुकुल शिवपुत्र आहेत. नागपूरच्या आजोबांचा वारसा असलेला नातू देवासच्या गायकीच्या आकर्षणाने मुकुलजींकडे गेला, हेही आपल्याच कथेचे पुढचे पान. २०१० मध्ये राहुल यांनी 'कट्यार' पुन्हा रंगमंचावर आणले आणि २०१५ च्या चित्रपटात सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांना त्यांनीच आवाज दिला. १ एप्रिल २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या निपुण धर्माधिकारी यांच्या 'मी वसंतराव' या चित्रपटात राहुल आपल्या आजोबांच्या भूमिकेत दिसले आणि अमेय वाघ दीनानाथांच्या. त्याच चित्रपटातल्या गायनासाठी राहुल यांना अडुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्तम पार्श्वगायकाचा सन्मान मिळाला.

त्या चित्रपटात दीनानाथांना जे स्थान दिले आहे त्यावर काहींनी आक्षेप घेतला, एवढे ठळक का म्हणून. मला ते योग्य वाटते. माणसाच्या मनात आवडता गायक तसाच वावरतो. तो प्रत्यक्ष फार थोडा वेळ भेटलेला असतो किंवा भेटलेलाच नसतो, पण गाताना प्रत्येक अवघड वळणावर तो शेजारी उभा असतो. चित्रपटाने ते पडद्यावर दाखवले, एवढेच.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आज डॉ. वसंतराव देशपांडे सांस्कृतिक सभागृह आहे, आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या स्मृतीला संगीत समारोह भरवते. गोंदिया-बालाघाट भागातून कितीतरी रसिक गाडी पकडून तिकडे जातात. आमची छोटी लाईन आता मोठी झाली, अंतर कमी झाले. बालाघाटलाही आकाशवाणीचे केंद्र आहे. तरीही आमच्याकडच्या संगीतवर्गांत शिकणाऱ्या पोरांनी दीनानाथ ऐकले आहेत का, असे विचारले तर बहुतेक वेळा नकारार्थी मान हलते, आणि मला त्याचे वाईट वाटते. मोबाइलवर सारे आहे. दीनानाथांची 'रणदुंदुभी'तली तबकडी आधी लावावी, तीन मिनिटे बिनबोलता ऐकावी, मग तेच पद वसंतरावांच्या मैफलीतले लावावे. पदाचा पहिला अंतरा संपल्यावर वसंतराव जिथे तबकडीपासून फारकत घेतात, तिथे थांबून पुन्हा मागे जावे. त्या जागेपासून पुढे जे काही आहे ते वसंतरावांचे, आणि ते ऐकताना दीनानाथ तिथे किती आहेत हे प्रत्येकाने आपल्या कानांनी ठरवावे.